वेब ॲप्लिकेशनमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन आणि ऑब्जेक्ट मॅपिंग: नवोदितांसाठी एका अतिथिगृहाच्या उदाहरणातून

गोव्यात लहान प्रमाणावर सॉफ्टवेअरची कामे करणाऱ्यांकडे येणारे ग्राहक बहुतेक वेळा पर्यटनाशी जोडलेले असतात. पावसाळा सरत आला, की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या अतिथिगृहांचे मालक आपली बुकिंगची ॲप्लिकेशने दुरुस्त करून घेण्याच्या घाईत असतात, कारण ऑक्टोबरात हंगाम सुरू झाल्यावर कोणालाच सवड नसते. याच दिवसांत आमच्याकडे नवी मुले-मुली कामाला लागतात. त्यांना क्लास, इंटरफेस आणि डेटाबेस यांची चांगली ओळख असते. डिपेंडन्सी इंजेक्शन आणि ऑब्जेक्ट मॅपिंग या दोन्ही गोष्टींची व्याख्याही त्यांना सांगता येते, परंतु दोन्ही एकत्र वापरण्याची वेळ आली म्हणजे ती अडखळतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी आहे.

उदाहरणासाठी सी शार्प भाषेतील एएसपी डॉटनेट कोअर (वेब ॲप्लिकेशनची चौकट), एंटिटी फ्रेमवर्क कोअर (डेटाबेस वाचण्या-लिहिण्यासाठी) आणि ऑटोमॅपर (ऑब्जेक्ट मॅपिंगसाठी) ही साधने घेतली आहेत. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायला लागताच पूर्ण नाव सुचवले जाते, त्यामुळे अडचण येऊ नये.

दोन कल्पना, थोडक्यात

सकाळी पोदेराचा, म्हणजे घरोघर पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकू येतो, आपण पिशवी घेऊन दारात जातो आणि पाव घेऊन आत येतो. भट्टी कोणत्या वाड्यावर आहे, पीठ कोणी मळले, लाकडे कुठून आली, यांपैकी काहीही स्वयंपाकघराला माहीत नसते. स्वयंपाकघराने फक्त ‘पाव लागतो’ एवढे सांगायचे असते. नेहमीचा पोदेर आजारी पडला आणि दुसरा आला, तरी सकाळची भाजी बदलावी लागत नाही. डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणजे नेमके हेच: क्लासने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः तयार न करता कन्स्ट्रक्टरमध्ये तिची मागणी नोंदवायची आणि ती बाहेरून पुरवली जायची. पुरवठा करणाऱ्या यंत्रणेला कंटेनर म्हणतात. ही संज्ञा २००४ साली मार्टिन फाउलर यांच्या लेखानंतर रूढ झाली, आणि २०१६ साली आलेल्या एएसपी डॉटनेट कोअरच्या पहिल्याच आवृत्तीपासून असा कंटेनर चौकटीतच दिलेला आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही.

ऑब्जेक्ट मॅपिंग म्हणजे एका प्रकारच्या ऑब्जेक्टमधील माहिती दुसऱ्या प्रकारच्या ऑब्जेक्टमध्ये भरणे. डेटाबेसशी जोडलेल्या क्लासला एंटिटी म्हणतात आणि पडद्यावर किंवा एपीआयमधून बाहेर पाठवायच्या क्लासला डीटीओ म्हणतात. एंटिटीतून डीटीओ भरताना एकेक मूल्य भरण्याचे तेच तेच कोड पुन्हा पुन्हा लिहावे लागते, आणि ते काम मॅपर करतो.

पहिली पायरी: कोणाला काय दिसावे, हे कागदावर लिहिणे

या पायरीवर नवोदित सर्वांत कमी वेळ देतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथेच द्यायला हवा.

समजा, पाळोळ्याजवळच्या एका बारा खोल्यांच्या अतिथिगृहाचे काम आपल्याकडे आले आहे. एंटिटी तीन आहेत: बुकिंग, गेस्ट आणि रूम. गेस्टमध्ये नाव, फोन, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचा तपशील आहे, कारण परदेशी पाहुणा उतरला, की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. मालक मंडळी या कामाला ‘सी फॉर्म भरणे’ असे म्हणतात. बुकिंगमध्ये येण्याजाण्याच्या तारखा, ठरलेले भाडे, जमा रक्कम आणि नोंद कधी झाली ती वेळ आहे.

आता ही माहिती कोण कोण पाहणार आहे, ते लिहून काढा. स्वागतकक्षाला पाहुण्याचे नाव, फोन, खोली, तारखा आणि येणे बाकी दिसले पाहिजे. खोल्या साफ करणाऱ्यांना खोलीचा क्रमांक, पाहुणा कधी जाणार आणि चादरी बदलायच्या का, एवढेच पुरते. सी फॉर्म भरणाऱ्याला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. मालकाला सगळ्या खोल्यांचा हिशेब लागतो. चार माणसे म्हणजे चार डीटीओ, आणि प्रत्येक डीटीओमध्ये त्या माणसाला लागते तेवढेच.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या कामात आम्ही ही पायरी वगळली होती. बुकिंगची एंटिटी जशीच्या तशी जेसनमध्ये पाठवली जात होती. पडद्यावर फक्त खोलीचा क्रमांक दिसत होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. एके दिवशी आमच्याच एका सहकाऱ्याने ब्राउझरमधील नेटवर्कचा टॅब उघडला, तेव्हा सफाईच्या यादीसाठी आलेल्या उत्तरात प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. पडद्यावर न दिसणे म्हणजे बाहेर न जाणे नव्हे, हे त्या दिवशी आम्हाला पटले, आणि मालकाला ते स्वतःहून सांगणे हे त्या कामातले सर्वांत अवघड संभाषण होते. ऑटोमॅपर डीटीओमधील प्रॉपर्टी भरतो; डीटीओमध्ये जी प्रॉपर्टीच नाही, ती तो भरू शकत नाही. म्हणून डीटीओ ही केवळ सोयीची वस्तू नसून माहितीचे कुंपण आहे.

दुसरी पायरी: पॅकेज आणि परवाना

न्यूगेट या डॉटनेटच्या पॅकेज-संग्रहातून ऑटोमॅपरचे पॅकेज प्रकल्पात जोडावे. जुन्या लेखांमध्ये कंटेनरशी जोडणी करण्यासाठी आणखी एक वेगळे पॅकेज घ्यायला सांगितलेले असते. तेराव्या आवृत्तीपासून ती सोय मूळ पॅकेजमध्येच आली आहे, म्हणून ते दुसरे पॅकेज घेऊ नये. तसेच जुन्या उदाहरणांत मॅपरचा स्टॅटिक क्लास थेट वापरलेला दिसेल. नवव्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला, आणि ते योग्यच झाले, कारण स्टॅटिक मॅपरला बाहेरून काही पुरवण्याचा सरळ मार्गच नव्हता.

जुलै २०२५ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून ऑटोमॅपरला व्यावसायिक परवाना लागू झाला आहे. लहान उलाढालीच्या संस्थांसाठी मोफत सामुदायिक परवाना आहे, तरी त्यासाठी नोंदणी करून की घ्यावी लागते. ग्राहकाला काम देण्यापूर्वी तो परवाना कोणाच्या नावावर घ्यायचा, हे ठरवून घ्यावे. परवाना नको असेल, तर मॅपस्टर किंवा मॅपर्ली यांचा विचार करता येईल. मॅपर्ली संकलनाच्या वेळीच मॅपिंगचे कोड तयार करतो, त्यामुळे चूक असेल तर ती ॲप्लिकेशन चालवण्यापूर्वी समजते. डीटीओ पाच-सहाच असतील, तर साधी फंक्शन्स हाताने लिहिण्यातही कमीपणा नाही. पुढील विवेचनातील डिपेंडन्सी इंजेक्शनचा भाग यांपैकी काहीही निवडले तरी उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: प्रोफाइल

प्रोफाइल या क्लासपासून आपला क्लास तयार करून त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये क्रिएटमॅप ही मेथड वापरायची असते; तिला मूळ प्रकार आणि गंतव्य प्रकार सांगायचा. नावे जुळत असतील तर आणखी काही लिहावे लागत नाही. शिवाय ऑटोमॅपर आतल्या प्रॉपर्टींपर्यंतही पोहोचतो: डीटीओमध्ये ‘गेस्टनेम’ असेल, तर बुकिंगच्या गेस्टमधील नेम तो आपोआप घेतो, आणि ‘रूमनंबर’ असेल, तर रूममधील नंबर घेतो. नावे जुळत नसतील तेथे फॉरमेंबर आणि मॅपफ्रॉम वापरून स्पष्ट सांगावे लागते. उदाहरणार्थ, ‘येणे बाकी’ म्हणजे ठरलेले भाडे वजा जमा रक्कम.

या आपोआप पोहोचण्यात एक सापळा आहे. बुकिंग वाचताना इन्क्लूड (जोडलेली एंटिटीही सोबत वाचण्याची सूचना) लिहायचे राहिले आणि गेस्ट नल असला, तर ऑटोमॅपर तक्रार करत नाही. गेस्टनेम रिकामे ठेवून तो पुढे जातो. स्वागतकक्षाच्या यादीत नावांचा स्तंभ कोरा दिसू लागला, तर मॅपिंगमध्ये शोधत बसण्याआधी क्वेरी पाहावी.

प्रोफाइलबाबत आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रोफाइलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कोणतीही डिपेंडन्सी मागता येत नाही. मॅपिंगची रचना एकदाच तयार होते आणि ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत तीच वापरली जाते, तर डेटाबेसचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा एंटिटी फ्रेमवर्कचा ऑब्जेक्ट, प्रत्येक रिक्वेस्टला नवा असतो. एकदाच घडणाऱ्या वस्तूच्या हाती क्षणभंगुर वस्तू देणे चुकीचे ठरते, म्हणून प्रोफाइलमध्ये फक्त नियम लिहावेत. नियम चालवताना लागणारी माहिती कुठून आणायची, ते पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: कंटेनरकडे नोंद आणि कन्स्ट्रक्टरमध्ये मागणी

प्रोग्रामच्या फाइलमध्ये, बिल्डरच्या सर्व्हिसेसवर ॲडऑटोमॅपर ही मेथड बोलवायची. पंधराव्या आवृत्तीत तिला आधी रचनेचे एक लहान फंक्शन द्यावे लागते, ज्यात परवान्याची की नेमता येते, आणि त्यानंतर आपल्या प्रकल्पातील कोणताही एक प्रकार द्यावा लागतो. तो प्रकार ज्या असेंब्लीत (संकलित झालेल्या प्रकल्पात) आहे, तेथील सर्व प्रोफाइल शोधून नोंदवल्या जातात. प्रोफाइल वेगळ्या प्रकल्पात ठेवल्या असतील, तर तेथील प्रकार द्यायला विसरू नये. ‘मॅपिंगची रचना सापडली नाही’ या अर्थाची चूक पहिल्याच दिवशी दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे. परवान्याची की कोडमध्ये लिहू नये; ती कॉन्फिगरेशनमधून वाचावी.

ही एक ओळ लिहिल्यावर कंटेनरमध्ये दोन गोष्टी येतात. मॅपिंगची रचना सिंगल्टन म्हणून येते, म्हणजे सगळ्या ॲप्लिकेशनसाठी एकच. आयमॅपर हा इंटरफेस ट्रान्झियंट म्हणून येतो, म्हणजे मागेल त्याला नवा. या दोहोंच्या मध्ये तिसरे आयुर्मान असते, ते स्कोप्ड: एका रिक्वेस्टपुरते एक. एंटिटी फ्रेमवर्कचा कॉन्टेक्स्ट नेहमीच्या नोंदणीत स्कोप्ड असतो. सिंगल्टन, स्कोप्ड आणि ट्रान्झियंट हे तीन शब्द वहीत लिहून ठेवावेत, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक गुंता यांच्यापाशी येऊन थांबतो.

आता बुकिंगची सर्व्हिस लिहायची. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाबेसचा कॉन्टेक्स्ट आणि आयमॅपर असे दोन पॅरामीटर घ्यावेत, ते खासगी फील्डमध्ये ठेवावेत, आणि ‘एक बुकिंग आण’ या मेथडमध्ये एंटिटी वाचून मॅप या मेथडने डीटीओ परत करावा. सर्व्हिस स्कोप्ड म्हणून नोंदवावी आणि कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सर्व्हिसचा इंटरफेस मागावा. कंट्रोलरमध्येच आयमॅपर मागणेही चालते, परंतु मग मॅपिंग कुठे होते याला एकच ठिकाण राहत नाही, आणि सहा महिन्यांनी ते शोधताना त्रास होतो. ‘अमुक प्रकारची सर्व्हिस मिळवता आली नाही’ असा संदेश आला, तर बहुधा कन्स्ट्रक्टरमध्ये मागितलेल्यांपैकी एखाद्याची नोंद करायची राहिलेली असते. संदेशात कोणाची आणि कोणासाठी ते दोन्ही लिहिलेले असते, म्हणून तो शेवटपर्यंत वाचावा.

पाचवी पायरी: मॅपिंगला बाहेरची माहिती लागते तेव्हा

येथे दोन्ही कल्पना प्रथमच खऱ्या अर्थाने एकत्र येतात.

स्वागतकक्षाला बुकिंगच्या तपशिलात करासह अंदाजे रक्कम दाखवायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्के जीएसटी होता. त्या तारखेपासून तो ५ टक्के झाला, आणि त्याहून महाग खोल्यांवर १८ टक्के दर आहे. ज्यांनी प्रोफाइलमध्ये भाड्याला थेट बाराच्या टक्केवारीने गुणले होते, त्यांना हंगामाच्या तोंडावर कोड बदलून पुन्हा ॲप्लिकेशन चढवावे लागले. ज्यांनी दर डेटाबेसच्या तक्त्यात ठेवले होते, त्यांना एक नवी ओळ भरणे पुरले. दर हा नियमाचा भाग नाही, तो माहितीचा भाग आहे, आणि माहिती बाहेरून यायला हवी.

त्यासाठी प्रथम ‘करदर’ देणारी सर्व्हिस लिहावी. तिच्या इंटरफेसमध्ये एकच मेथड पुरते: तारीख आणि दिवसाचे भाडे द्यायचे, टक्केवारी मिळवायची. नंतर आयव्हॅल्यूरिझॉल्व्हर या इंटरफेसवरून एक रिझॉल्व्हर तयार करावा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये करदराची सर्व्हिस मागावी, आणि रिझॉल्व्ह या मेथडमध्ये रक्कम काढून परत करावी. रिझॉल्व्ह मेथडला मूळ ऑब्जेक्ट, गंतव्य ऑब्जेक्ट, प्रॉपर्टीचे सध्याचे मूल्य आणि मॅपिंगचा संदर्भ अशा चार गोष्टी मिळतात. आपल्याला त्यांपैकी पहिलीच लागते. प्रोफाइलमध्ये मॅपफ्रॉमला या रिझॉल्व्हरचा प्रकार सांगायचा. नव्या माणसांचा हात येथे ‘न्यू’ या शब्दाकडे जातो, पण रिझॉल्व्हर आपण तयार करायचा नसतो. आपण प्रकार दिला, की ऑटोमॅपर कंटेनरकडे तो मागतो आणि कंटेनर त्याला लागणारी करदराची सर्व्हिस पुरवतो. ॲडऑटोमॅपरने असेंब्ली तपासताना रिझॉल्व्हरही ट्रान्झियंट म्हणून नोंदवलेले असतात, त्यामुळे त्यांची वेगळी नोंद करावी लागत नाही. करदराच्या सर्व्हिसची नोंद मात्र आपणच, स्कोप्ड म्हणून, करायची.

रिझॉल्व्हरमध्ये असिंक करता येत नाही, आणि तो प्रत्येक ऑब्जेक्टसाठी पुन्हा चालतो. चाळीस बुकिंगच्या यादीवर तो लावला आणि आत दर वेळी डेटाबेस वाचला, तर चाळीस क्वेरी जातात. दरांचा तक्ता चार-सहा ओळींचा असतो. करदराच्या सर्व्हिसने तो एकदा वाचून मेमरी कॅशमध्ये ठेवावा आणि रिझॉल्व्हरला तेथूनच उत्तर द्यावे.

रिझॉल्व्हरमध्ये किती ठेवावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंदाजे रक्कम दाखवणे त्याला शोभते. प्रत्यक्ष बिलाची रक्कम मात्र बिल करताना, बिलाच्या सर्व्हिसमध्ये काढून डेटाबेसमध्ये साठवावी; नंतर दर बदलला तरी गेल्या वर्षीचे बिल बदलता कामा नये. पाहुणा दर बदलण्याआधी आला आणि नंतर गेला, तर कोणता दर लावायचा, हा प्रश्न सीएला विचारावा आणि त्यांचे उत्तर बिलाच्या सर्व्हिसमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहावे. मॅपिंगमध्ये लपलेला व्यवहाराचा नियम शोधून सापडत नाही.

सहावी पायरी: याद्यांसाठी प्रोजेक्टटू

एक बुकिंग दाखवताना एंटिटी वाचून मॅप करणे ठीक आहे. यादीसाठी मात्र प्रोजेक्टटू वापरावे. ते क्वेरीवरच लावायचे असते आणि त्याला आयमॅपरची कॉन्फिगरेशनप्रोव्हायडर ही प्रॉपर्टी द्यायची असते. मग डीटीओला लागणारे स्तंभच एसक्यूएलमध्ये मागितले जातात. सफाईच्या यादीसाठी पासपोर्टचा स्तंभ डेटाबेसमधून बाहेरच येत नाही, आणि इन्क्लूड विसरण्याचा प्रश्नही उरत नाही.

प्रोजेक्टटूला रिझॉल्व्हर चालत नाहीत, कारण डेटाबेसला आपले सी शार्पचे ऑब्जेक्ट समजत नाहीत. म्हणून यादीचा डीटीओ आणि तपशिलाचा डीटीओ वेगळे ठेवावेत, आणि करासह रक्कम फक्त तपशिलाच्या डीटीओत ठेवावी.

उलट दिशा: फॉर्ममधून एंटिटीकडे

रिव्हर्समॅप ही मेथड एका शब्दात उलट मॅपिंग करून देते, आणि नवोदितांना तिचा मोह होतो. या मोहापासून दूर राहावे. बाहेर जाणाऱ्या माहितीत आपण जास्त दाखवण्याची भीती असते, तर आत येणाऱ्या माहितीत समोरच्याने जास्त पाठवण्याची. बुकिंगच्या फॉर्ममध्ये ‘जमा रक्कम’ हे फील्ड नसले, तरी रिक्वेस्टमध्ये ते कोणालाही घालता येते, आणि उलट मॅपिंगमध्ये ती प्रॉपर्टी असेल, तर पैसे न भरता जमा दिसू लागते. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर याच जातीची त्रुटी उघड झाली होती: गिटहब ज्या रेल्स या वेब चौकटीत लिहिलेले आहे, तिच्यात विनातपासणी फील्ड भरले जात असल्याचा उपयोग करून एका वापरकर्त्याने रिक्वेस्टमध्ये एक जादा फील्ड पाठवले आणि स्वतःची सार्वजनिक की रेल्सच्या खात्याशी जोडून दाखवली.

आत येणाऱ्या माहितीसाठी वेगळा डीटीओ करावा, त्यात फक्त भरणाऱ्याने भरायची फील्ड ठेवावीत. मी स्वतः या दिशेचे मॅपिंग हाताने लिहितो. दहा ओळी होतात, परंतु त्या दहा ओळी वाचणाऱ्याला नक्की काय बदलते ते दिसते. ऑटोमॅपरच वापरायचा असेल, तर क्रिएटमॅपला मेंबरलिस्ट सोर्स हा पर्याय द्यावा. मग तपासणीच्या वेळी डीटीओमधील प्रत्येक प्रॉपर्टी वापरली गेली का, हे पाहिले जाते, आणि एंटिटीतील न भरलेल्या प्रॉपर्टींबद्दल तक्रार होत नाही.

तपासणी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये

कोणीतरी गेस्टमधील ‘नेम’चे ‘फुलनेम’ करते. कोड संकलित होते, ॲप्लिकेशन चालते, आणि डीटीओमधील गेस्टनेम मुकाट्याने रिकामे राहते. असा बदल पकडण्यासाठी असर्टकॉन्फिगरेशनइजव्हॅलिड ही मेथड आहे. ती डीटीओमधील भरल्या न जाणाऱ्या प्रत्येक प्रॉपर्टीचे नाव सांगून चूक दाखवते. जी प्रॉपर्टी मुद्दाम रिकामी ठेवायची आहे, तिला प्रोफाइलमध्ये इग्नोर लिहावे, म्हणजे तो निर्णय लेखी राहतो.

ही तपासणी टेस्टमध्ये लिहिताना रचना वेगळ्याने उभी करण्यापेक्षा सर्व्हिसेसचा नवा संग्रह करावा, त्यावर लॉगिंग आणि ॲप्लिकेशनमधली तीच ॲडऑटोमॅपरची ओळ लावावी, त्यातून आयमॅपर मागावा आणि त्याच्या कॉन्फिगरेशनप्रोव्हायडरवर तपासणी चालवावी. त्यामुळे नोंदणी आणि मॅपिंग दोन्ही एकदम तपासले जातात. आयमॅपरच मागावा असे म्हणण्याला कारण आहे: आयकॉन्फिगरेशनप्रोव्हायडर या नावाचा इंटरफेस मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशनमध्येही आहे, आणि चुकीचा नेमस्पेस घेतला गेला, तर अर्धा तास जातो.

रिझॉल्व्हरची टेस्ट मात्र मॅपरशिवाय लिहावी. करदराची खोटी सर्व्हिस करावी, जी नेहमी पाच टक्के सांगते. ती कन्स्ट्रक्टरमध्ये देऊन रिझॉल्व्हर तयार करावा, ४,००० रुपयांच्या एका रात्रीचे बुकिंग द्यावे आणि ४,२०० रुपये आले का ते पाहावे. डिपेंडन्सी बाहेरून मागण्याचा फायदा येथे हाताशी येतो: डेटाबेस नाही, सर्व्हर नाही, आणि टेस्ट क्षणात संपते.

दर तासाचे काम आणि स्कोप

शेवटचा भाग थोडा कठीण आहे, पण अतिथिगृहाच्या ॲप्लिकेशनमध्ये तो टळत नाही. ज्या परदेशी पाहुण्यांची माहिती कळवायची राहिली आहे, त्यांची यादी दर तासाला तयार करून व्यवस्थापकाला पाठवायची आहे. हे काम बॅकग्राउंडसर्व्हिसमध्ये लिहिले जाते, आणि अशा सर्व्हिस सिंगल्टन म्हणून चालतात.

नवोदित तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये थेट आयमॅपर मागतात. नोंदणी तपासली जाते तेव्हा काहीच अडत नाही, कारण आयमॅपर ट्रान्झियंट आहे. मात्र हा आयमॅपर मूळ कंटेनरमधून आलेला असतो. मॅपिंग करताना रिझॉल्व्हर लागला, की तोही मूळ कंटेनरकडेच मागितला जातो, आणि रिझॉल्व्हरला लागणारी करदराची सर्व्हिस स्कोप्ड असल्यामुळे प्रश्न उभा राहतो. डेव्हलपमेंटमध्ये स्कोपची तपासणी चालू असते, म्हणून ‘मूळ प्रोव्हायडरमधून स्कोप्ड सर्व्हिस मिळवता येत नाही’ अशी चूक येते. पण ती ॲप्लिकेशन सुरू होताना येत नाही, पहिले मॅपिंग होताना येते. प्रॉडक्शनमध्ये ती तपासणी मुळात बंद असते. तेथे चूक येत नाही, एकच डेटाबेस कॉन्टेक्स्ट ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत जिवंत राहतो, जुनी माहिती दाखवत राहतो, आणि दोन कामे एकाच वेळी त्याच्यावर आली, तर आधीचे काम संपण्यापूर्वीच दुसरे सुरू झाल्याची तक्रार करतो.

उपाय सोपा आहे. बॅकग्राउंडसर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आयमॅपर किंवा कॉन्टेक्स्ट न मागता आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी मागावी. दर तासाच्या फेरीत क्रिएटअसिंकस्कोपने नवा स्कोप उघडावा, त्या स्कोपच्या सर्व्हिसप्रोव्हायडरकडे बुकिंगची सर्व्हिस मागावी, यादी घ्यावी आणि फेरी संपताना स्कोप बंद होऊ द्यावा. त्यासाठी अवेट यूजिंग लिहिले, की बंद करण्याचे वेगळे लक्ष ठेवावे लागत नाही. बुकिंगच्या सर्व्हिसला तिचा कॉन्टेक्स्ट, तिचा आयमॅपर आणि त्यामागचा रिझॉल्व्हर हे सगळे त्याच स्कोपमधून मिळते, आणि पुढच्या तासाला सगळे नवे येते. हे लिहून झाल्यावर डेव्हलपमेंटमध्ये फेरीची मुदत एका तासाऐवजी दहा सेकंद करावी, दोन परदेशी पाहुण्यांच्या खोट्या नोंदी भराव्यात आणि त्यांपैकी एक नोंद फेरी चालू असतानाच बदलून, पुढच्या फेरीत बदललेली माहिती दिसते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.